दाजींचं दरपत्रक

आपल्या कामाचा भाव सांगायला आमच्या दाजींइतका वेळ लावणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर तोही कुठून तरी दाजींचा पाव्हणाच निघेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. धंदा फोटोग्राफीचा. स्टुडिओ नाही, पाटी नाही, गल्ल्यामागं लावलेला समुद्राचा पडदा नाही. एक कॅमेरा, दोन बॅटऱ्या, एक मोटारसायकल आणि माझ्या दुकानातली एक खुर्ची एवढ्या भांडवलावर ते गेली पंचवीस वर्षं केज तालुक्यातल्या नवऱ्या-नवरदेवांना "हनुवटी खाली, नजर वर" असं सांगत आलेत. माझं दुकान तहसीलच्या रस्त्याला आहे आणि मी लग्नपत्रिका छापतो. पत्रिका छापायला आलेल्या माणसाला पुढची काळजी फोटोवाल्याची असते. ती त्याच्या तोंडातून बाहेर पडायच्या आत दाजींची खुर्ची पुढं सरकलेली असते.

"फोटोचं काय घेता?" असं विचारल्यावर जगातला कुठलाही फोटोवाला आकडा सांगतो. दाजी चहा सांगतात. चहा येईपर्यंत ते गिऱ्हाइकाकडं मान तिरकी करून, एक डोळा बारीक करून बघत राहतात. त्यामुळं निम्म्या गिऱ्हाइकांना आपल्या तोंडाला काहीतरी लागलंय असं वाटून ती रुमाल काढतात. चहा आला की चौकशी सुरू. मांडवाचं तोंड कुठल्या दिशेला? नवरीला हसू लवकर येतं का सांगावं लागतं? नवरीचा मामा तापट का मवाळ? जेवणाची पंगत का बुफे? माणूस वैतागून म्हणतो, "अवं, ह्याचा अन् भावाचा काय संबंध? बटनच तर दाबायचंय!" त्यावर दाजी शांतपणे कॅमेरा गळ्यातून काढून त्याच्या हातात देतात आणि म्हणतात, "मंग घ्या, दाबा." एका गृहस्थानं खरंच दाबलं होतं. त्यात माझ्या दुकानाचा पंखा आणि त्याचा स्वतःचा अंगठा फार सुरेख आले होते. दाजींनी ते फोटो त्याला मोफत दिले.

त्यांचं म्हणणं असं की लग्नाचा भाव लग्नावर ठरत नाही, लग्नातल्या माणसांवर ठरतो. उदाहरणार्थ पुढारी. आमच्याकडं लग्नात पुढारी येणं हा मान असतो. तो आला की अंतरपाट धरणाऱ्यांचे हात दुखले तरी मंगलाष्टकं थांबतात, शाल-नारळ होतो आणि मग शुभाशीर्वादाचं भाषण होतं. म्हणून दाजी आधीच विचारून घेतात, "पुढारी किती?" केजजवळच्या एका लग्नात मुलीच्या बापानं छातीला हात लावून एकच सांगितला होता. आले पाच, वेगवेगळ्या पक्षांचे, आणि प्रत्येकाला दुसऱ्यापेक्षा दोन मिनिटं जास्त बोलायचं होतं. नवरा-नवरीच्या डोक्यावर अक्षता पडल्या तेव्हा ऊन उतरलं होतं आणि नवरदेव उभ्या उभ्या पेंगत होता. दाजी मुलीच्या बापाला म्हणाले, "तुमी तर एक म्हणलता." तो बिचारा म्हणाला, "बाकीचे न बोलावता आले हो." "मंग त्यांचा भाव दुप्पट," दाजी म्हणाले. "बोलावून आलेला एका फोटोत भागतो. न बोलावता आलेला समद्या फोटोत असतो."

अलीकडं लग्नाआधीच्या फोटोंचं नवं खूळ निघालंय, त्याचाही भाव त्यांनी असाच अनुभवातून काढला. एका जोडप्याचे फोटो काढायला ते धर्मापुरीच्या जुन्या देवळात गेले होते. जोडपं एक, पण आलं दोन जीप भरून. मुलाच्या आत्या म्हणाल्या, लग्न अजून व्हायचंय, दोघांच्या मधी कुणीतरी पायजेच. त्या कुणीतरी म्हणून स्वतःच उभ्या राहिल्या आणि सगळ्या फोटोंत राहिल्या. खांबावरच्या नक्षीसमोर, पायऱ्यांवर, सूर्याकडं बघताना, सगळीकडं डावीकडं मुलगा, उजवीकडं मुलगी आणि मधे डोक्यावर पदर घेतलेल्या आत्याबाई. त्यातल्या त्यात आत्याबाईच सगळ्यांत चांगल्या आल्यात, असं दाजी अजून प्रामाणिकपणे सांगतात.

जनावरांना मात्र त्यांचा निम्मा भाव. कारण विचारलं तर म्हणतात, "जनावर खोटं हसत न्हाई, मेव्हणं. आपलं निम्मं काम तिथंच कमी होतं." एक मेंढपाळ त्यांच्याकडं आपल्या मेंढ्याचा फोटो काढून घ्यायला आला होता. मोबाईलवर टाकून त्याला मेंढा विकायचा होता. दाजी तीन तास त्या मेंढ्यासमोर उकिडवे बसून होते. मी दोनदा जाऊन बघून आलो. "काढा की आता," मी म्हणालो. तर ते दबक्या आवाजात म्हणाले, "आपल्याला विकायचंय हे त्याला कळलंय. जरा विसरू द्या." शेवटी मेंढा विसरला, फोटो निघाला, आणि तो इतका देखणा निघाला की मेंढपाळानं मेंढा विकायचंच रद्द केलं. ज्यासाठी फोटो काढला ते काम झालं नाही म्हणून दाजींनी निम्मा भावही घेतला नाही. मेंढपाळ मात्र खुशीत घरी गेला.

इथवर वाचून कुणाला वाटेल की चौकशा करून करून दाजी पैसेवाले झाले असतील. तर तसं नाही, कारण त्यांचा शेवटचा प्रश्न असायचा, "बाकी तुमचं आजोळ कुठलं?" पुढाऱ्यांमुळं, आत्यांमुळं आणि तापट मामांमुळं पार वीस हजारांपर्यंत चढलेला भाव या एका प्रश्नावर गडगडायचा. आजोळ निघालं की आजोळच्या शेजारचं गाव निघायचं, त्या गावात दाजींच्या चुलत मावशीची नणंद दिलेली असायची आणि चहाचा कप खाली ठेवेपर्यंत समोरचा माणूस पाव्हणा होऊन बसायचा. पाव्हण्याकडून काय घ्यायचं? मग दहा, मग सात, मग "तुमी काय द्याल ते." अक्का कपाळाला हात लावून म्हणायची, "समद्या तालुक्यात ह्यांना एक परका माणूस सापडंना!"

त्यात पलीकडून ड्रोनवाली पोरं आली. त्यांची पॅकेजं असतात, मोबाईलवर तयार. विचारलं की दोन सेकंदांत भाव हातात. लोक माझ्याकडं पत्रिका छापायचे, दाजींचा चहा प्यायचे आणि काम त्या पोरांना द्यायचे. दोन हंगाम असे कोरडे गेल्यावर अक्कानं लातूरच्या एका कापड दुकानात दाजींसाठी नोकरी बघितली आणि एक दिवस माझ्या दुकानात येऊन, उभ्या उभ्याच, निकाल दिला. अक्षय्य तृतीयेच्या आत पुऱ्या भावाची तीन कामं. झाली तर ठीक. न्हाई झाली तर कॅमेरा विकायचा आणि लातूर. "अन् आजोळ विचारायचं न्हाई," ती जाता जाता म्हणाली. दाजींनी कॅमेरा गळ्यातून काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "मेव्हणं, कापडाच्या दुकानात भाव कापडावरच छापलेला असतो. तिथं मी दिवसभर बोलायचं काय?" मला हसू आलं, पण त्यांच्या चेहऱ्याकडं बघून मी ते गिळलं. त्यांना खरंच भीती वाटत होती.

यावर तोड मीच काढली: दरपत्रक. छापलेला कागद समोर असला म्हणजे चौकशी नको, आजोळ नको. दाजींनी सांगितलं आणि मी जुळवलं. सवयीनं वर गणपती आला, खाली 'आपले नम्र' आलं, आणि मधे जे आलं ते असं. लग्न, एक दिवस, साधं: पंधरा हजार. पुढारी, बोलावून आलेला: पाचशे. न बोलावता आलेला: हजार. मधे उभी राहणारी आत्या: चारशे. दर फोटोत डोळे मिटणारा पाव्हणा: तिसऱ्या फोटोनंतर पन्नास. रुसवा, मुलीकडचा: दोनशे. रुसवा, मुलाकडचा: तीनशे. मी म्हणालो, "दाजी, रुसव्याचे पैसे?" ते म्हणाले, "रुसलेला माणूस आल्याबिगर घरचा फोटो निघत न्हाई. त्याला मनवायला कोण जातं? आमीच जातो. निम्मं लग्न आमचं मांडवाच्या मागं जातं." मुलाकडच्याला शंभर जास्त का, तर तो उशिरा निघतो म्हणून.

हे दरपत्रक मी दुकानात लावलं आणि कुणीतरी त्याचा फोटो काढून मोबाईलवरच्या गटागटांत फिरवला. लोक नुसतं वाचायला यायला लागले. आठवड्याभरात पहिलं काम ठरलं, पुऱ्या भावाचं, एका शब्दाची घासाघीस न करता. दाजींनी ओठ घट्ट मिटून धरले होते आणि आजोळाचा प्रश्न त्यांच्या गळ्यात वर-खाली होताना मला दिसत होता, पण त्यांनी निभावलं. दुसरं काम पालीच्या एका बागायतदाराचं. धरणाच्या अंगाला मोठा मांडव, मुलीचं लग्न. पत्रिका मीच छापलेल्या असल्यामुळं मलाही बोलावणं होतं.

त्या लग्नात दोघं रुसले. नवरीचा मामा, कारण त्याला फेटा सगळ्यांच्या शेवटी बांधला. आणि नवरदेवाचा थोरला चुलता, कारण पत्रिकेत त्याचं नाव धाकट्या भावाच्या खाली छापलं होतं. ही चूक माझी, म्हणून मी आचाऱ्याच्या भट्टीमागं जाऊन उभा राहिलो, तर तिथंच मामा रुसून बसलेला. थोड्या अंतरावर, पाण्याच्या टँकरला टेकून, चुलता. बागायतदार घाम पुसत आला आणि मामाला म्हणाला, "उठा हो मामा, तुमच्यापायी फोटोवाल्याचे दोनशे रुपये वाढायलेत."

मामानं मान वर केली. "दोनशे? कसले दोनशे?"

"रुसव्याचे. दरच हाय त्यांचा तसा."

"अन् त्याचे किती?" मामानं टँकरकडं बोट केलं.

बागायतदार सरळ माणूस. त्यानं तीनशे सांगून टाकले. मामा ताडकन उठला. "माझ्या सख्ख्या भाचीचं लग्न हाय! अन् माझा रुसवा त्या माणसापरीस शंभरानं कमी? कावून? मी काय रस्त्यावर पडलोय? माझा पाचशे लावा, मी देतो!" हे टँकरपर्यंत ऐकू गेलं. चुलता तिथूनच ओरडला, "मंग माझा सातशे लिव्हा!" मामा हजारावर गेला. चुलता दीडवर आला. बोलत बोलत दोघं एकमेकांच्या अंगावर चालून येत मांडवात शिरले, मांडवातून स्टेजवर चढले आणि नवरा-नवरीच्या दोन्ही बाजूंना उभं राहून अडीच हजारांवर भांडायला लागले. दाजी तेवढ्यात फोटो काढून मोकळे झाले होते. मग त्यांनी दोघांना हात जोडले. "आता हे भांडण झालं, रुसवा न्हाई राह्यला. भांडणाचा आमचा दर न्हाई, ते फुकट हाय. रुसायचंच असंल तर परत जाऊन बसा, पर दर छापील." मामाला आधी हसू फुटलं, मग चुलत्याला. बागायतदारानं खुशीनं पुरे पैसे दिले आणि दाजींना वर फेटाही बांधला.

म्हणजे दोन झाली. तिसऱ्याची वाट बघण्यात चैत्र सरत आला. शेवटी बाजारातला एक भुसार दुकानदार आला, त्यानं दरपत्रक वाचलं, पंधरा हजार म्हणाला आणि उठला. दाजी खुर्चीला दोन्ही हातांनी धरून बसले होते. दुकानदार पायरी उतरला, पुन्हा वळला आणि आपण होऊन म्हणाला, "बाकी आमची आई तुमच्याच गावची बरं का." दाजींनी माझ्याकडं बघितलं. मी कॅलेंडरकडं बघितलं. पाचच मिनिटांत त्या दुकानदाराची आई दाजींच्या वडिलांची मानलेली बहीण निघाली, आणि मानलेल्या आत्याच्या नातीच्या लग्नाचे पैसे घेतले तर गावाकडं तोंड कसं दाखवायचं? दाजींनी सगळंच माफ केलं. दुकानदार डोळे पुसत गेला. दाजी म्हणाले, "मी काई विचारलं न्हाई, मेव्हणं. तुमी साक्षीला हाव." मी साक्षीला होतो, पण त्याचा काय उपयोग होता?

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी दुपारी दाजी माझ्या दुकानात कॅमेरा पुसत बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी घेणारा यायचा होता. लातूरची पिशवी भरून झाली होती. मी एक-दोन विनोद करून बघितले, ते पडले. मला तेव्हा इतकं वाईट वाटत होतं की समोरच्या पत्रिकेत मी वराच्या जागी वधू आणि वधूच्या जागी वर जुळवून ठेवले होते. तेवढ्यात अक्का आली. पेटीतलं जांभळं लुगडं नेसून, केस नीट विंचरून. माझ्याकडं न बघता गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली.

"फोटो काढायचाय," ती म्हणाली.

मी विचारलं, "कुणाचा?"

"तुला न्हाई विचारलं. फोटोवाल्याशी बोलायली मी." मग दाजींकडं तोंड करून, "माझा. एकटीचा. काय घेता?"

दाजींनी चहा सांगितला नाही. ते मान तिरकी करून, एक डोळा बारीक करून तिच्याकडं बघत राहिले. मी माझ्या परीनं दरपत्रक वरून खालपर्यंत वाचलं, पण बायकोचा दर आम्ही घातलाच नव्हता. पंचवीस वर्षांत अक्काचा असा एकटीचा फोटो निघालाच नव्हता. घरचं माणूस म्हणून ती कायम फुकटातली, आणि फुकटातल्या सगळ्या पाव्हण्यांच्या मागं तिचा नंबर. दाजींना तिला विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिचा मामा तापट होता हे त्यांनी स्वतःच्या लग्नात भोगलं होतं, आणि तिचं हसू किती सांगून येतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

"पंधरा हजार," दाजी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा, एकही प्रश्न न विचारता.

मेथीच्या जुडीमागं दोन रुपये सोडवून घेतल्याशिवाय बाजारातून न हलणारी माझी बहीण. तिनं एका रुपयाची घासाघीस केली नाही. "ठरलं," म्हणाली, आणि कमरेची रुमालाची पुरचुंडी काढून टेबलावर ठेवली. दाजींनी ती न सोडता खिशात टाकली. संध्याकाळी ती पुरचुंडी परत त्याच घरातल्या त्याच डब्यात जाणार होती, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. "तीन झाली," अक्का मला दटावून म्हणाली, जसा काही लातूरला मीच निघालो होतो. मला रडू आलं. मी मशिनीत कागद अडकल्याचं निमित्त करून आत गेलो.

फोटो दुकानाच्या मागच्या भिंतीशी काढला. कधी घटकाभर रिकामी न बसणारी अक्का त्या दिवशी पार ऊन कलेपर्यंत स्टुलावर बसून होती. घरी तिला "अगं" म्हणणारे दाजी तिला गिऱ्हाइकाप्रमाणं "तुमी" म्हणत होते. "तुमी हसू नका. हसायचं आलं तरच हसा," असं एकदा ऐकू आलं.

कॅमेरा राहिला, लातूर राहून गेलं. तृतीयेला घेणारा आला, त्याला दाजींनी चहा सांगितला आणि त्याचं आजोळ विचारून परत पाठवला. आताशा पत्रिकाही मोबाईलवरच जायला लागल्यात. दुपारी रस्त्यावर ऊन पडतं आणि आम्ही दोघं गिऱ्हाइकाची वाट बघत बसून असतो, कधी कधी दिवसभर एकही येत नाही. अक्काचा तो फोटो मी अजून पाहिलेला नाही. त्यांच्या भिंतीवर नाही, अल्बमात नाही. मी किती वेळा मागितला. परवा पुन्हा म्हणालो, "दाजी, माझी सख्खी बहीण हाय ती, एकदा बघू तरी द्या." दाजी भिंग पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "गिऱ्हाइकाचा फोटो हाय तो, मेव्हणं. दुसऱ्याला दाखवत नसतो."